बातमीचा उभा व्हिडिओ: बुलेटिनमधून कापायचा की वेगळा करायचा?

उपनगर_डेस्क

मुंबईतल्या अंधेरी ते दहिसर पट्ट्यातल्या बातम्यांचं आमचं मराठी संकेतस्थळ आणि यूट्यूब चॅनेल आहे. माणसं तीन. रोज ८-१० मिनिटांचं एक आडवं बुलेटिन निघतं आणि त्याचेच तुकडे कापून रील्स-शॉर्ट्सवर जातात. शॉर्ट्सना व्ह्यू बऱ्यापैकी, बुलेटिनला जेमतेम, आणि संकेतस्थळाकडे तिथून कुणीच येत नाही.

अडचणी अशा: कापलेल्या तुकड्यात टिकर (पडद्याखालची बातम्यांची पट्टी) अर्धा दिसतो, दोघांची चर्चा असेल तर मधलं टेबलच दिसतं. पालिका कार्यालयात फोनच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या बाईटमध्ये (कुणाच्या बोलण्याच्या छोट्या तुकड्यात) काळे पट्टे सरकतात. मराठी सबटायटल्समध्ये जोडाक्षरं फुटतात. आणि मोठा प्रश्न हा की बुलेटिन बंद करून सगळा जोर उभ्या व्हिडिओवर द्यावा का? पैशाच्या दृष्टीने आणि बातमीच्या दृष्टीनेही सांगा.

उभी_चौकट

तांत्रिक भाग मी घेतो. १९२० बाय १०८० च्या आडव्या चौकटीतून ९:१६ चा उभा तुकडा काढला की हातात ६०७ पिक्सेलची पट्टी उरते, म्हणजे रुंदीचा एक तृतीयांशही नाही. ती १०८० पर्यंत ताणायची तर जवळपास पावणेदोन पट मोठी करावी लागते. चित्र मऊ पडतं ते यामुळे. एक्स्पोर्टचा बिटरेट कितीही वाढवा, फरक पडणार नाही. दोन्ही हवंच असेल तर ४के मध्ये (३८४० बाय २१६०) आडवं घ्या. त्यातून उभी पट्टी १२१५ बाय २१६० ची निघते, ती पुरते. अट एकच, बोलणारा माणूस रुंदीच्या मधल्या एक तृतीयांश भागात हवा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चिकटपट्टीचे दोन उभे तुकडे लावून टाका, बातमीदाराला वेगळं सांगावं लागत नाही.

दोघांची चर्चा मधोमध कापू नका. दोन चौकटी एकावर एक ठेवा, प्रत्येकी १०८० बाय ९६०. वर प्रश्न विचारणारा, खाली पाहुणा. टिकरचं म्हणाल तर बुलेटिन एक्स्पोर्ट करताना दोन फायली काढा: एक ग्राफिक्ससकट, एक क्लीन फीड, म्हणजे ग्राफिक्सविना. तुकडे नेहमी क्लीन फीडमधून. चित्रात जळलेला, म्हणजे कायमचा उमटलेला टिकर नंतर पुसता येत नाही, आणि तो झाकायला वर रंगीत पट्टी मारली की अर्धी चौकट पट्ट्यांतच जाते.

काळे पट्टे: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोन मात्र सरसकट सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंदाच्या आसपासच्या शटरवर असतो, दोघांचा मेळ बसत नाही. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा. उजेड जास्त असेल तर १/१००. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केल्याशिवाय २५ चा पर्याय दिसतच नाही. अँड्रॉइडवर प्रो मोडमध्ये शटर हाताने लावा. हलक्या प्रतीच्या एलईडी पॅनेलखाली एवढं करूनही पट्टे राहिले तर माणसाला खिडकीकडे तोंड करून उभं करा. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात खिडकी सापडणं हे वेगळंच आव्हान!

आवाज विसरू नका. टीव्हीचं मिक्स साधारण उणे २३ लफ्सवर (आवाजाची पातळी मोजायचं माप) असतं. यूट्यूब उणे १४ च्या वरचा आवाज खाली आणतं, पण हळू आवाज स्वतःहून वाढवत नाही. म्हणून टीव्हीच्या मापाने केलेला तुकडा फोनच्या स्पीकरवर पुटपुटल्यासारखा वाटतो. उभ्या व्हिडिओचं मिक्स उणे १४ वर, ट्रू पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) उणे १ डीबी. कॉलर माइक नसेल तर फोन तोंडापासून हातभर अंतरात धरा. एस. व्ही. रोडवर त्याहून लांब गेलात की रिक्षाच ऐकू येते.

मोकळी जागा: इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाच्या जाहिरातींच्या नियमात रील्ससाठी वर १४ टक्के, खाली ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंना ६ टक्के जागा सोडायला सांगतात. १९२० च्या उंचीत वरचे २७० आणि खालचे ६७० पिक्सेल झाले. बातमीच्या व्हिडिओवर बंधन नाही, पण खात्याचं नाव, कॅप्शन आणि बटणं तिथेच येतात. खाली नाव-पट्टी टाकायची टीव्हीची सवय इथे मोडावी लागते. नाव छातीच्या उंचीवर टाका. कव्हरचं अक्षर मधल्या १०८० बाय १४४० मध्येच ठेवा, कारण प्रोफाइलच्या जाळीत ३:४ एवढंच दिसतं.

खिळेजुळारी

फुटणाऱ्या जोडाक्षरांचं कारण बहुतेक वेळा फाँट नसून सॉफ्टवेअरचं टेक्स्ट इंजिन असतं. व्हिडिओ संपादनाला प्रीमिअर वापरत असाल तर प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट लेआउट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा, प्रोजेक्ट बंद करून उघडा आणि नवा टेक्स्ट लेयर घेऊन तपासा. इंजिन चुकीचं असलं की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि ‘स्थिती’चे चार तुकडे होतात.

दुसरं कारण जुना मजकूर. श्रीलिपीत टाइप केलेली कॉपी युनिकोड नसते, ती सरळ पेस्ट केली तर अगम्य चिन्हं येतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग र्‍ह, ऱ्य, अॅ, ऑ ही चार ठिकाणं डोळ्यांनी तपासायची. रूपांतरात घोटाळा होतो तो इथेच. चाचणीसाठी एक ओळ ठेवून द्या: ‘दुसऱ्या स्थितीत ऱ्हास, ऑक्टोबरात मूर्ती, कॅमेऱ्यात क्षुद्र ज्ञ’. अर्थ काही नाही, पण हे धड उमटलं तर बाकीचंही उमटतं.

फाँटमध्ये मुक्त किंवा बालू चांगले. दोन्ही मुंबईच्याच एक टाइपचे, मोफत, आणि जाड वजनात फोनवर वाचता येतात. नोटो सान्स देवनागरीही चालतो. काही फाँट हिंदी वळणाचे ल आणि श देतात. आपल्याला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवा. वाचणारा तक्रार करणार नाही, पण व्हिडिओ कुठून तरी आणून डकवल्यासारखा दिसतो.

१०८० रुंदीवर अक्षर ६४ ते ७२ पिक्सेल, ओळीत २०-२२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवू नका. वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार असतात, १.४ पट तरी लागतंच. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

यंत्राने तयार केलेली सबटायटल्स घ्या, पण तशीच टाकू नका. विशेषनामं आणि दीड, अडीच, पावणेचार यांच्यात ती हमखास घसरतात. आकडे अंकांत लिहा. लोकलमध्ये बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, त्यांच्यासाठी सबटायटल हीच बातमी.

हिशेबनीस

संकेतस्थळाकडे कुणी का येत नाही याचं उत्तर सोपं आहे: यायला रस्ताच नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. यूट्यूबने ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कॉमेंटमधल्या लिंक निर्जीव केल्या. ‘सविस्तर बातमीसाठी लिंक कॉमेंटमध्ये’ हे वाक्य शॉर्ट्समध्ये बोलणं म्हणजे पाच सेकंद वाया. शॉर्ट्समधून चालणारा दुवा एकच, ‘रिलेटेड व्हिडिओ’. यूट्यूब स्टुडिओत शॉर्ट उघडून तिथे तुमचा लांब व्हिडिओ जोडा. तो तुमच्याच चॅनेलवरचा लागतो, संकेतस्थळ चालत नाही.

आता पैसे. शॉर्ट्सच्या जाहिराती एका व्हिडिओच्या आधी लागत नाहीत, फीडमध्ये दोन व्हिडिओंच्या मध्ये लागतात. त्यामुळे सगळी रक्कम आधी एकत्र होते, मग त्या त्या देशातल्या व्ह्यूच्या वाट्याप्रमाणे विभागली जाते आणि तुमच्या वाट्यातले ४५ टक्के तुम्हाला. ही पद्धत १ फेब्रुवारी २०२३ पासूनची. गाणं वापरलंत तर त्या व्ह्यूंच्या रकमेतला अर्धा भाग आधीच संगीताकडे जातो, दोन गाणी असतील तर दोन तृतीयांश. लांब व्हिडिओवर वाटा ५५ टक्के, आणि तिथे जाहिरात तुमच्याच व्हिडिओवर असते. जाहिरातीच्या वाट्यासाठी पात्रता: १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत. हे अनेकांना उशिरा कळतं.

आणखी एक: ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजला जातो, पुन्हा चालला की पुन्हा. त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करू नका. जुन्या मापाचा आकडा स्टुडिओत ‘एंगेज्ड व्ह्यूज’ नावाने मिळतो आणि पैसेही त्यावरच ठरतात. जाहिरातदाराला दाखवतानाही तोच दाखवा.

संगीताचा धोका पैशापुरता नाही. एक मिनिटाहून लांब शॉर्टवर कंटेंट आयडीचा (कॉपीराइट असलेलं गाणं ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) दावा आला तर तो जगभर बंद होतो. गणपतीत मंडपाबाहेर ८० सेकंदांचा बाईट घेतला आणि मागे डीजेवर सिनेमातलं गाणं चालू असेल, तर बातमी गेली. असा बाईट ६० सेकंदांच्या आत बसवा किंवा मंडपाच्या मागच्या बाजूला जाऊन घ्या.

प्रायोजित मजकूर घेणार असाल (छोट्या पोर्टलचा खरा पैसा तिथेच आहे) तर एएससीआयचे, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे, नियम पाळा. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत जाहिरातीची खूण किमान ३ सेकंद, १५ सेकंद ते २ मिनिटं असेल तर एक तृतीयांश वेळ, आणि त्याहून लांब असेल तर तो ब्रँड दिसतो त्या पूर्ण भागात. बिल्डरची जाहिरात बातमीच्या आवाजात वाचली की उद्याची खरी बातमीही जाहिरात वाटते.

बुलेटिन बंद करू नका, मोडा. सहा बातम्यांच्या १० मिनिटांच्या व्हिडिओला शोधता येईल असं शीर्षकच देता येत नाही. त्यातल्या दोन बातम्या निवडून ३-४ मिनिटांचे स्वतंत्र व्हिडिओ करा, प्रत्येकाला एक शॉर्ट आणि ‘रिलेटेड व्हिडिओ’ची जोड. बाकी चार बातम्या लेखी पुरे.

कॉपी_डेस्क

वरचं सगळं मान्य, पण माझ्या मते मूळ चूक कापण्यातच आहे. बुलेटिनमधला तुकडा बुलेटिनवर टेकलेला असतो. ‘याआधी आपण पाहिलं त्याप्रमाणे’ हे शब्द कापून गेले तरी त्यांच्यामागचा संदर्भ बघणाऱ्याकडे नसतोच. फीडमध्ये आपल्या आधी कुणाची तरी मिसळ असते आणि नंतर कुणाचा तरी नाच. उभ्या व्हिडिओची कॉपी वेगळी लिहावी लागते.

मराठीत स्पष्ट वाचलं तर मिनिटाला १३० च्या आसपास शब्द होतात. ४० सेकंदांना ८५ धरा. एवढ्यात एक बातमी, एक कारण आणि एक संदर्भ बसतो. चौथी गोष्ट बसत नाही.

उदाहरण घ्या. बेस्टची भाडेवाढ. बुलेटिनच्या सवयीने लिहिलेली सुरुवात: ‘नमस्कार, मुंबईकरांच्या खिशाला कात्री लावणारी मोठी बातमी समोर येत आहे.’ जवळपास पाच सेकंद गेले आणि बातमी आलीच नाही. त्याऐवजी: ‘बेस्टचं किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये. एसी बसचं ६ वरून १२. नवे दर ९ मे २०२५ पासून.’ नमस्कार नाही, चॅनेलचं नाव नाही. नाव कोपऱ्यात दिसतंच आहे.

इथपर्यंत सगळे येतात. पुढे गाडी घसरते. ‘भाडं दुप्पट’ हे खरं आहे, आणि एवढंच सांगितलं तर ४० सेकंदांत संताप पुरेपूर मिळतो. पण जुलै २०१९ मध्ये हेच किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपयांवर उतरवलं होतं. ते वाक्य घातलं की बघणाऱ्याच्या हातात हिशेब येतो: ८, मग ५, मग १०. वाढ तरीही मोठीच, पण आता त्यावर वाद घालता येतो. संपादनाच्या टेबलावर पहिला बळी याच वाक्याचा जातो, कारण प्रेक्षक कुठपर्यंत बघतात त्या ग्राफवर बरोबर तिथे लोक गळताना दिसतात. म्हणून ते शेवटी ठेवू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात ठेवा. पडद्यावर तीन आकडे एकाखाली एक आले तर बोलण्यात चार सेकंदही लागत नाहीत.

एकूण माध्यमांवर झालेला परिणाम मला इथेच दिसतो. बातमीचा क्रम आता ग्राफ ठरवतो. आझाद मैदानावरचं आंदोलन असो की मंत्रालयातली पत्रकार परिषद, बोलणारेही आता २० सेकंदांची, मधे न तोडता येणारी वाक्यं तयार करून येतात. त्यांची स्वतःची टीम तीच क्लिप उभी करून चॅनेलच्या आधी टाकते. मग बातमीदाराने तोच बाईट पुन्हा टाकण्यात काय हशील? प्रतिप्रश्न विचारा आणि त्याच्या उत्तराचा बाईट टाका. उत्तर टाळलं असेल तर प्रश्नासकट टाका. ती क्लिप त्यांच्या टीमकडे नसते.

तपासनीस

दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, तारीख. उभा व्हिडिओ डाउनलोड होऊन व्हॉट्सॲपवर जातो तेव्हा कॅप्शन, पिन केलेली कॉमेंट, अपलोडची तारीख सगळं मागे राहतं. चौकटीत जे जळलेलं असतं तेवढंच सोबत जातं. म्हणून ठिकाण आणि पूर्ण तारीख वर्षासकट पूर्ण वेळ कोपऱ्यात ठेवा: ‘अंधेरी सबवे, २२ जुलै २०२५’ असं. तोंडी ‘आज’ म्हणू नका. ‘आज अंधेरी सबवे बंद’ हा व्हिडिओ पुढच्या जुलैत पुन्हा ‘आज’ होतो.

उलट बाजूने, पावसात लोक पाठवतात त्या क्लिप तपासताना मुंबईतल्या खुणा कामाला येतात. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी धावताना दिसली तर क्लिप बहुधा ऑक्टोबर २०२३ च्या आधीची, लाल डिझेल डबलडेकर दिसली तर सप्टेंबर २०२३ च्या आधीची. फलकावर ‘एल्फिन्स्टन रोड’ स्टेशन असेल तर जुलै २०१८ च्या आधीची. लिंक रोडला किंवा पश्चिम द्रुतगती मार्गाला समांतर, वरून मेट्रो धावताना दिसली तर बहुधा एप्रिल २०२२ नंतरची. नुसते खांब दिसले तर काही ठरत नाही, ते कित्येक वर्षं आधीपासून उभे होते. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू सुरू झाली, त्यामधल्या काळात त्यावर वाहतूक असूच शकत नाही. दुकानाची पाटी उलटी वाचावी लागली तर क्लिप आरशासारखी फिरवलेली आहे. कॉपीराइट चुकवायला हे सर्रास करतात. सरळ करून मगच गुगल लेन्सवर शोधा. फ्रेम काढायला इन्व्हिडचं ब्राउझर प्लगइन पुरेसं आहे.

दुसरी, चेहरे. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, मूल असेल तर पोक्सोचं कलम २३. आपोआप पाठलाग करणारा ब्लर मूल मान वळवतं त्या क्षणी सुटतो, दोन-तीन फ्रेम उघड्या राहतात आणि स्क्रीनशॉटला तेवढ्या पुरतात. फ्रेम-फ्रेम पुढे करून बघा. गणवेश, शाळेचा बिल्ला, आईचा चेहरा, चाळीचं नाव, यांनीही ओळख पटते.

उपनगर_डेस्क

सगळ्यांचे आभार. क्लीन फीड आणि २५ फ्रेम लगेच लावतो. दोन प्रश्न उरले. चूक गेली तर व्हिडिओ बदलायचा कसा? आणि रविवारचा मेगाब्लॉक: त्याच्या रील्सना व्ह्यू खूप, पण खाली कॉमेंटमध्ये लोक वेळाच विचारत बसतात.

तपासनीस

इन्स्टाग्रामवर आतलं चित्र बदलता येत नाही, फक्त कॅप्शन. मुख्य दावाच चुकला असेल तर काढून टाका आणि नव्या व्हिडिओच्या पहिल्या पाच सेकंदांत काय चुकलं होतं ते बोला, तेही आकड्यासकट. नावाचं शुद्धलेखन वगैरे असेल तर पिन केलेली कॉमेंट चालेल. व्ह्यू जातील म्हणून चुकीचा व्हिडिओ ठेवून खाली कॉमेंट टाकणं, हा प्रकार करू नका.

कॉपी_डेस्क

मेगाब्लॉक हा व्हिडिओचा विषयच नाही. कोणता मार्ग, कुठून कुठपर्यंत, किती ते किती, जलद गाड्या धीम्यावर वळवल्या की रद्द: हे लोकांना परत परत बघायचं असतं, प्लॅटफॉर्मवर उभं राहून. सरकत्या चित्रात ते सापडत नाही, म्हणूनच कॉमेंटमध्ये विचारतात. एक स्थिर कार्ड करा, १०८० बाय १३५०, मध्य, हार्बर, पश्चिम असे तीन कप्पे, वर रविवारची तारीख मोठी. शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सॲप चॅनेलवर टाका, आणि तोच मजकूर संकेतस्थळावर लेखी ठेवा, कारण रविवारी सकाळी लोक गुगलवर शोधतात. तुमच्या संकेतस्थळाला वाचक हवा आहे ना, तो या पानावर येईल. रील करायचीच तर १० सेकंदांची करा, त्यात तेच कार्ड दाखवा आणि सांगा की स्क्रीनशॉट घ्या.

उभी_चौकट

कार्डाची पीएनजी पाठवा, जेपीजी नको, नाहीतर ती दोनदा दाबली जाते. व्हॉट्सॲप प्रतिमा दाबतं तेव्हा बारीक आकड्यांच्या कडा आधी जातात, ३ आणि ८ मधला फरक कळत नाही. वेळेचे आकडे ५४ पिक्सेलच्या खाली नेऊ नका.